गाठीच्या आतून किरण

डोळ्यांच्या मागे, कवटीच्या तळाशी पियूषिका ग्रंथी असते आणि तिच्या जरा वर दोन्ही डोळ्यांच्या नसा एकमेकींना ओलांडतात. क्रॅनिओफॅरिंजिओमा नावाची गाठ नेमकी याच गर्दीत उगवते, आणि बऱ्याचदा लहान मुलांत. ती कर्करोगाची नसते, पण जागा वाईट. गाठ पुष्कळदा पोकळ असते. सुईने आतला द्रव ओढला तर तो जुन्या इंजिन ऑइलसारखा काळपट निघतो आणि उजेडात धरला की कोलेस्टेरॉलचे कण चमचमतात.

द्रव काढला की डोकेदुखी थांबते, नजर सुधारते, पण काही काळाने पिशवी पुन्हा भरते. द्रव तयार करते ती भिंत, तेव्हा मारायचं तिलाच. स्वीडनचे न्यूरोसर्जन लार्स लेक्सेल यांनी १९५२ साली पिशवीतच किरणोत्सारी फॉस्फरस-३२ सोडण्याचा प्रयोग मांडला. पुढे यट्रियम-९०ही वापरात आलं.

दोन्ही द्रव्यं बीटा कण (वेगवान इलेक्ट्रॉन) सोडतात, आणि हे कण लांब जात नाहीत. फॉस्फरसचे ऊतींमध्ये फार तर ८ मिलिमीटर, यट्रियमचे साधारण ११. प्रत्यक्षात मिलिमीटरभरातच मात्रा निम्म्यावर येते. भिंतीला २०० ते २५० ग्रे (किरणांची मात्रा मोजण्याचं एकक) इतका प्रचंड मारा बसतो आणि पलीकडचा मेंदू बराचसा सुटतो. फॉस्फरसचं अर्धायुष्य (किरणोत्सार निम्म्यावर यायला लागणारा वेळ) १४ दिवसांचं, यट्रियमचं जेमतेम ६४ तासांचं, म्हणून औषध परत काढावं लागत नाही.

खरी कसरत पिशवीचं आकारमान मोजण्याची, कारण औषध किती सोडायचं ते त्यावर ठरतं. ४ सेंटिमीटर व्यासाच्या गोल पिशवीत सुमारे ३३ मिलिलिटर द्रव मावतो. व्यास ५ धरला तर ६५. म्हणजे स्कॅनवर एक सेंटिमीटर चुकलं की हिशेब दुपटीने चुकला! पिशवी गळत नाही ना, हेही आधी तपासून घेतात, नाहीतर औषध मेंदूभोवतीच्या पाण्यात उतरेल. आणि गाठीच्या भरीव भागावर या उपायाचा फारसा परिणाम होत नाही, हे नातेवाइकांना आधीच सांगायला हवं.

पिशवी आक्रसायला महिने लागतात. अडचण एकच, पण मोठी: डोळ्याची नस अनेकदा भिंतीलाच चिकटून ताणलेली असते. तिथे ती मिलिमीटरभराची सवलत मिळत नाही, आणि गाठ आटूनही काहींची नजर जाते.