ऑनलाइन चिठ्ठी आणि टेन्शनची गोळी : सोलापुरातल्या गोंधळामागची पार्श्वभूमी

सोलापुरातल्या औषध दुकानांत हल्ली एक प्रसंग नेहमीचा झाला आहे. पेशंट मोबाइल पुढे करतो. त्यावर पुण्याच्या किंवा हैदराबादच्या डॉक्टरांनी व्हिडिओवर तपासून पाठवलेली पीडीएफ चिठ्ठी असते. दुकानदार ती बोटांनी मोठी करून वाचतो, एस्सिटॅलोप्रॅमची पट्टी काढून ठेवतो, धडधड कमी करणारं प्रोप्रॅनोलॉलही देतो आणि खालच्या ओळीवर थांबतो. ‘हे मोबाइलवर नाही देता येत. डॉक्टरांकडून कागद आणा.’ ती ओळ बहुतेक वेळा अल्प्राझोलामची, म्हणजे टेन्शनवरच्या सवय लागू शकणाऱ्या गोळीची असते. पेशंटला वाटतं, दुकानदार अडवणूक करतोय. दुकानदाराला वाटतं, उद्या तपासणीला माणूस आला तर उत्तर आपल्यालाच द्यायचंय. दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत, कारण वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या भीतीपोटी झालेले नियम त्या काउंटरवर एकमेकांसमोर येतात.

जुना भाग थोडक्यात. अल्प्राझोलाम ज्या गटातलं, त्या बेंझोडायझेपिन गटातली औषधं १९६० च्या दशकात बाजारात आली. त्याआधीच्या बार्बिट्युरेट या झोपेच्या औषधांपेक्षा ती सुरक्षित, म्हणून जगभर भरपूर लिहिली गेली. सवय लागते, डोस वाढवावा लागतो, हे नंतर नीट कळलं. भारतात १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने गांजा-अफूबरोबर ‘मनोव्यापारांवर परिणाम करणाऱ्या पदार्थां’ची यादी केली. तीत अल्प्राझोलाम, डायझेपाम, लोराझेपाम, क्लोनाझेपाम ही सगळी आहेत. चिंतेवर महिनोन्‌महिने दिली जाणारी एस्सिटॅलोप्रॅम, सर्ट्रालिन ही औषधं त्या यादीत नाहीत. डॉक्टरच्या दृष्टीने दोन्ही मनाची औषधं. कायद्याच्या दृष्टीने पहिली वेगळ्या कपाटातली. पुढचा सगळा वाद या फरकातून निघाला.

दुसरा धागा औषध विक्रीचा. १९४५ च्या नियमांनुसार चिठ्ठी लेखी हवी, डॉक्टरची सही आणि तारीख हवी. औषध दिल्यावर दुकानाचं नाव, पत्ता आणि दिल्याची तारीख त्या चिठ्ठीवरच नोंदवायची असते. डॉक्टरने तसं लिहिलं नसेल तर एका चिठ्ठीवर एकदाच औषध मिळतं. कागदावर शिक्का मारला की काम झालं. पीडीएफवर शिक्का कुठे मारायचा? तीच फाइल नवी पेठेत दाखवून एक पट्टी, सात रस्त्यावर दाखवून दुसरी आणि जुळे सोलापुरात तिसरी घेता येते. २०१३ मध्ये ‘एच-वन’ हे वेगळं परिशिष्ट आलं आणि मार्च २०१४ पासून लागू झालं. त्यात अँटिबायोटिक आणि क्षयाच्या औषधांबरोबर अल्प्राझोलाम, डायझेपाम, नायट्राझेपाम, झोल्पिडेम बसवली गेली. या औषधांसाठी दुकानदाराला स्वतंत्र वही ठेवावी लागते. डॉक्टर कोण, पेशंट कोण, औषध कोणतं, किती दिलं हे लिहून ती वही ३ वर्षं सांभाळायची. काउंटरवरचा नकार खरं तर या वहीतून येतो.

तिसरा धागा महाराष्ट्रापुरता आहे आणि बाहेरच्यांना तो सहसा माहीत नसतो. जुलै २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने रत्नागिरीतल्या एका डॉक्टर दांपत्याचा अटकपूर्व जामीन नाकारला. डॉक्टर जागेवर नसताना, फोनवरच्या सूचनेवरून प्रसूत झालेल्या महिलेला दाखल करून घेतलं गेलं आणि पुढे तिचा मृत्यू झाला, असं ते प्रकरण होतं. निदान न करता औषध सांगणं हा गुन्हेगारी स्वरूपाचा निष्काळजीपणा ठरू शकतो, हा त्या आदेशातला मुद्दा राज्यभरच्या डॉक्टरांनी धसका घेऊन वाचला. प्रकरण प्रसूतीचं, पण धाक सगळ्यांनाच बसला. ‘फोनवर काही सांगत नाही, येऊन दाखवा’ ही पाटी त्यानंतर अनेक दवाखान्यांत दिसू लागली. मंगळवेढ्याच्या किंवा करमाळ्याच्या पेशंटला दर महिन्याला तीच चिठ्ठी पुन्हा लिहून घ्यायलाही एसटी पकडून सोलापूर गाठावं लागायचं.

मग मार्च २०२० आला.

२५ मार्चला, देशव्यापी टाळेबंदीच्या पहिल्याच दिवशी, वैद्यकीय व्यवसायाच्या तेव्हाच्या नियामक मंडळाने टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली. मे महिन्यात ती डॉक्टरांच्या २००२ च्या आचारसंहितेला जोडली गेली, त्यामुळे त्यांना नियमाचं बळ आलं. नोंदणीकृत डॉक्टर देशातल्या कुठल्याही पेशंटला व्हिडिओ, फोन किंवा मजकुरावरून सल्ला देऊ शकतो, हे पहिल्यांदा स्पष्ट शब्दांत लिहिलं गेलं. रत्नागिरी प्रकरणानंतरची धास्ती त्याने बरीच ओसरली.

पण औषधांचे चार गट केले गेले. पहिल्यात पॅरासिटामॉल, ओआरएससारखी साधी औषधं. दुसरा ‘अ’ गट : ही पहिल्या भेटीत लिहायची तर व्हिडिओच हवा. तिसरा ‘ब’ गट : आधी प्रत्यक्ष तपासलेल्या पेशंटला त्याच आजारासाठी ६ महिन्यांच्या आत जोडून देण्याची औषधं. आणि चौथा, निषिद्ध गट : ‘एक्स’ या सर्वांत कडक निर्बंधांच्या परिशिष्टातली औषधं आणि १९८५ च्या कायद्यातले सगळे अमली व मनोव्यापारी पदार्थ.

या चौथ्या गटाचा निर्णय किती घाईत झाला असेल ते त्याच्या परिणामांवरून दिसतं. ऑनलाइन पहिल्यांदाच भेटणाऱ्या अनोळखी माणसाला अल्प्राझोलाम लिहू नये, यावर एकाही जबाबदार मानसोपचारतज्ज्ञाचं दुमत नसावं. दहा मिनिटांच्या व्हिडिओत समोरच्याचं दारूचं प्रमाण कळत नाही, त्याने कालच दुसऱ्या डॉक्टरकडून तीच गोळी घेतली का तेही कळत नाही. इथवर बंदी योग्यच होती. मात्र ती फक्त नव्या पेशंटपुरती नव्हती. वर्षानुवर्षं त्याच डॉक्टरकडे येणाऱ्या, रोज रात्री ठरलेला डोस घेणाऱ्या पेशंटलाही व्हिडिओवर ती गोळी पुन्हा लिहून देण्याची सोय त्यात नव्हती. ६ महिन्यांचा फेरतपासणीचा नियम ‘ब’ गटासाठी होता. निषिद्ध गट म्हणजे निषिद्ध.

ही बाब किरकोळ नाही. दीर्घकाळ घेतलेलं बेंझोडायझेपिन एका झटक्यात थांबवलं तर झोप उडते, हात थरथरतात, मूळची चिंता दुप्पट होऊन परतते आणि काहींना फिटही येते. म्हणून ते आठवड्या-आठवड्याने, थोडं थोडं कमी करत आणायचं असतं. म्हणजे ज्या पेशंटला डॉक्टरशी सर्वांत जास्त वेळा बोलायची गरज, त्याच्याच औषधाला ऑनलाइन दार बंद. एप्रिल-मे २०२० च्या सोलापुरात पेठाच्या पेठा पत्रे ठोकून बंद होत्या. ज्याची पट्टी संपली त्याने काय करायचं होतं, याचं उत्तर त्या नियमात नव्हतं. गैरवापर टाळायला केलेल्या नियमाने नियमित उपचार घेणाऱ्यालाच आधी अडवलं, हे मला त्या निर्णयातलं मोठं अपयश वाटतं.

मानसोपचार आणि मेंदूविकार क्षेत्रातून यावर आवाज उठला. त्याच वर्षी टेलिसायकिॲट्रीसाठी स्वतंत्र कार्यपद्धती निघाली, आणि फिट्सवरही लागणाऱ्या क्लोनाझेपाम, क्लोबाझाम अशा मोजक्या औषधांना वाट मोकळी करून दिली गेली. अल्प्राझोलामच्या वाट्याला ती मोकळीक आली नाही. आता गंमत नाही, पण गुंता बघा : क्लोनाझेपाम १९८५ च्या यादीत आहे, ‘एच-वन’मध्ये नाही, आणि ऑनलाइन लिहिता येतं. अल्प्राझोलाम दोन्हीकडे आहे आणि लिहिता येत नाही. त्यात आपल्याकडे एस्सिटॅलोप्रॅम आणि क्लोनाझेपाम एकाच गोळीत घालून सर्रास विकलं जातं. आपण नक्की कोणत्या गटातली गोळी घेतोय, हे पेशंटला पट्टीमागची बारीक अक्षरं वाचल्याशिवाय कळत नाही, आणि दुकानदाराला ही सगळी कोष्टकं तोंडपाठ असावीत ही अपेक्षाच मुळात जादा आहे.

तत्त्वं आली त्याच्या दुसऱ्याच दिवशी, २६ मार्चला, घरपोच औषधांची वेगळी अधिसूचना निघाली. ई-मेलवर आलेल्या चिठ्ठीवर परवानाधारक दुकानदाराने घरी औषध पोचवावं, पण दुकान आणि पेशंट एकाच महसुली जिल्ह्यातले हवेत. म्हणजे सोलापुरातला दुकानदार अक्कलकोटला गोळ्या देऊ शकतो, चार पावलांवरच्या तुळजापूरला नाही. तो धाराशिव जिल्हा. आणि इथेही मनोव्यापारी पदार्थ, ‘एच-वन’ आणि ‘एक्स’ वगळलेले. संपूर्ण ऑनलाइन औषध विक्रीचे नियम तर ऑगस्ट २०१८ मध्ये मसुदा म्हणून आले ते मसुदाच राहिले, आणि त्याच वर्षी डिसेंबरात दिल्ली उच्च न्यायालयाने विनापरवाना ऑनलाइन विक्रीला मनाई केली. तरीही ॲपवरून औषधं येतातच. नियम आणि व्यवहार यांतलं अंतर सगळ्यांना ठाऊक आहे.

सोलापुरात ऑनलाइन सल्ल्याकडे ओढा का वाढला, त्याची कारणं टाळेबंदीच्याही आधीची आहेत. राज्य सरकारची प्रादेशिक मनोरुग्णालयं ठाणे, पुणे, रत्नागिरी आणि नागपूरला. सोलापूरकराला जवळचं येरवडा, सुमारे २५० किलोमीटरवर. जिल्ह्याचे ११ तालुके. बहुतेक मानसोपचारतज्ज्ञ शहरात. सिव्हिलच्या ओपीडीत रांगेत उभं राहायचं तर यंत्रमागावरच्या कामगाराचा दिवस बुडतो, आणि विडी वळणाऱ्या बाईचा त्या दिवसाचा हजार विड्यांचा हिशेब चुकतो. शहराच्या पूर्व भागात घरची भाषा तेलुगू, अक्कलकोटकडे कन्नड. ‘छातीत धडधडतंय, जीव घाबरा होतोय’ हे आपल्या भाषेत सांगता आलं तर निम्मं निदान तिथेच होतं, आणि हैदराबादचा डॉक्टर व्हिडिओवर तेलुगूत बोलतो ही पूर्व भागातल्या घरांसाठी खरोखर मोठी सोय आहे. शिवाय ‘डोक्याच्या डॉक्टरकडे’ जाताना गल्लीतलं कुणी पाहील ही भीती. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात आजार असून उपचार न मिळणाऱ्यांचं प्रमाण आजारानुसार ७० ते ९२ टक्के निघालं होतं. त्यातल्या १२ राज्यांत महाराष्ट्र नव्हता, पण इथलं चित्र फार निराळं असेल असं मानायला आधार नाही.

नंतरच्या काळात सरकारी बाजू सुधारली. ऑक्टोबर २०२२ मध्ये टेलि-मानस ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन सुरू झाली. १४४१६ वर मराठीतही बोलता येतं. समुपदेशनासाठी ती उपयोगी आहे. पॅनिक ॲटॅक म्हणजे हार्ट ॲटॅक नव्हे, हे रात्री दोन वाजता कुणीतरी शांतपणे समजावून सांगणं याची किंमत ज्याला तो आलाय त्यालाच कळते. मात्र फोन लागला म्हणून अल्प्राझोलाम मिळत नाही. ती आशा धरून लावणाऱ्यांची निराशा होते.

ऑगस्ट २०२३ मध्ये डॉक्टरांच्या आचारसंहितेचे नवे नियम टेलिमेडिसिनच्या सुधारित तत्त्वांसकट आले. जेनेरिक नावाने औषध लिहिण्याच्या सक्तीवरून एवढा गदारोळ झाला की तीन आठवड्यांत सगळेच नियम स्थगित झाले. टेलिमेडिसिनचा भाग त्या भांडणात नव्हताच, तरी तोही बाजूला पडला. त्यामुळे आजही २०२० चीच चौकट चालते.

शहरातल्या डॉक्टरांनी त्यातून आपापली रीत बसवली आहे. पहिली भेट समोरासमोर. एस्सिटॅलोप्रॅम, सर्ट्रालिनचा डोस व्हिडिओवर वाढवायचा किंवा कमी करायचा. या गोळ्यांचा गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात, तोवर पेशंटने मधेच सोडू नये म्हणून फोनवर धीर द्यायचा. अल्प्राझोलाम लागलंच तर थोड्या दिवसांचं, कागदावर, सही-शिक्क्यासह, आणि तो कागद न्यायला घरातलं कुणी दवाखान्यात येतं. बार्शी-पंढरपूरकडच्या पेशंटसाठी बऱ्याचदा आठवडी बाजाराला किंवा कोर्टाच्या कामाला सोलापुरात आलेला भाऊ, नाहीतर मेव्हणा, चिठ्ठी घेऊन जातो.