दोन फलनांत झपाट्याने बदलणारे कोणते? एका शालेय प्रश्नाची पार्श्वभूमी

सहावी ते आठवीच्या वयात मुलांपुढे फलनांचा, म्हणजे एका राशीवरून दुसरी राशी ठरवणाऱ्या नियमांचा, असा एक प्रश्न येतो. पहिले फलन कोष्टकात दिलेले असते: क्ष २ असताना य ७, क्ष ५ असताना य १६, क्ष ८ असताना य २५. दुसरे फलन सूत्रात असते: य = ४क्ष − १०. कोणत्या फलनात बदलाचा दर जास्त आहे?

पुष्कळ मुले ‘पहिल्यात’ म्हणतात. त्यांना विचारत गेले की दोन निरनिराळ्या वाटा दिसतात. काहींनी कोष्टकात य ९-९ ने वाढताना पाहिलेला असतो, सूत्रात ४ दिसलेला असतो, आणि ९ हे ४ पेक्षा मोठे. क्ष मात्र ३-३ ने पुढे सरकतो आहे, हे त्यांच्या नजरेतून सुटते. इतरांनी दोन्हीकडे क्ष = २ ठेवून पाहिलेले असते: एकीकडे ७, दुसरीकडे उणे २, म्हणून पहिले मोठे. खरे तर पहिल्याचा दर ३ आणि दुसऱ्याचा ४. क्ष ११ होईपर्यंत पहिले फलन वरचढ असते, ११ ला दोन्ही ३४ वर भेटतात, आणि तिथून दुसरे पुढे निघून जाते. उत्तर तेच चुकीचे, पण त्यामागच्या चुका दोन, आणि त्यांवरचे उपायही दोन.

या प्रश्नाला ‘सोपे गणित’ म्हणणाऱ्यांशी माझे पटत नाही. यात चार गोष्टी एकत्र शिवलेल्या आहेत: भिन्न जातींच्या राशींचा भागाकार, कोष्टक, आलेख आणि सूत्र. चारही गोष्टी वेगवेगळ्या काळी, वेगवेगळ्या ठिकाणी, वेगवेगळ्या गरजांपोटी जन्मल्या. आपण मुलांना त्या एकाच तासिकेत एकमेकींशी ताडून पाहायला सांगतो.

आधी भागाकार. ‘अंतर भागिले वेळ’ हे आज इतके अंगवळणी पडले आहे की त्यात काही विचित्र असेल असे वाटतच नाही. पण इ.स.पू. ३०० च्या सुमारास युक्लिडने जी व्याख्या नोंदवली, तिच्यानुसार गुणोत्तर एकाच जातीच्या दोन राशींमध्ये असते. अंतराचे अंतराशी, वेळेचे वेळेशी. अंतराला वेळेने भागणे या चौकटीत बसत नाही. ही चौकट किती टिकली? १६३८ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात गॅलिलिओ एकसमान गतीबद्दल लिहितो, तेव्हाही तो अंतरांचे गुणोत्तर वेळांच्या गुणोत्तराबरोबर मांडतो. वेग ही एक संख्या म्हणून तो काढत नाही.

भारतीय गणिताने या अडचणीला त्रैराशिकाने वळसा घातला. प्रमाण, फल आणि इच्छा या तीन राशींपैकी प्रमाण आणि इच्छा एका जातीच्या, फल दुसऱ्या जातीचे. फलाला इच्छेने गुणा, प्रमाणाने भागा. जाती भिन्न असल्याचा कोणताच अडसर नाही, हिशेब चोख. पण गुणाकार आधी आणि भागाकार नंतर असल्यामुळे ‘एका एककाला किती’ ही संख्या मध्ये कुठे थांबून दिसतच नाही. आजही त्रैराशिकात तरबेज असलेले मूल दराच्या प्रश्नाला अडखळते, त्याचे एक कारण हेच असावे असे मला वाटते. त्याने दर वापरलेला असतो, पण त्याच्याकडे स्वतंत्र वस्तू म्हणून कधी पाहिलेले नसते. (आजच्या ‘फलन’ शब्दातही ते जुने ‘फल’ आहेच.)

कोष्टकाचा इतिहास याहून जुना आणि, मला विचाराल तर, सर्वात सुंदर आहे. बाबिलोनियाच्या ज्योतिर्विदांनी इसवी सनापूर्वीच्या शेवटच्या काही शतकांत मातीच्या विटांवर संख्यांचे स्तंभ लिहिले. त्यांत एखादी राशी दर महिन्याला ठरावीक संख्येने वाढत जाते, कमाल मर्यादा गाठते आणि मग त्याच संख्येने उतरू लागते. सूत्र नाही, चित्र नाही. बदल आहे तो फक्त लागोपाठच्या दोन संख्यांतल्या फरकात.

आर्यभटाने इ.स. ४९९ मध्ये याच विचाराला फार पुढे नेले. ‘आर्यभटीय’ ग्रंथात त्याने ज्यांची, म्हणजे आजच्या भाषेत साइनची, सारणी दिली. पण ज्यांच्या किमती न देता त्यांच्यातले फरक दिले. कोन दर वेळी २२५ कलांनी, म्हणजे पावणेचार अंशांनी, वाढतो आणि फरक येतात ते असे: २२५, २२४, २२२, २१९, २१५... आणि चोविसावा, शेवटचा, अवघा ७. कोनाची पायरी तीच, पण ज्येची वाढ मंदावत जाते. मुलांसमोर एकीकडे ही यादी आणि दुसरीकडे सारख्या फरकांची यादी ठेवली, तर रेषीय आणि अरेषीय यांतला भेद सांगण्यासाठी व्याख्येची गरजच पडत नाही. ब्रह्मगुप्ताने ‘खंडखाद्यक’ या इ.स. ६६५ च्या ग्रंथात दोन नोंदींमधली किंमत काढताना मागचा आणि पुढचा असे दोन्ही फरक विचारात घेतले. दर स्वतः बदलतो आहे याची जाणीव त्या रीतीत आहे. १११४ साली जन्मलेल्या भास्कराचार्यांनी ११५० च्या ‘सिद्धांतशिरोमणी’त ग्रहांच्या ‘तात्कालिक गती’चा विचार मांडला. दिवसभराची सरासरी गती आणि या क्षणाची गती वेगळी असू शकते, हे तिथे स्पष्ट आहे.

या सगळ्या सारण्यांमध्ये पायरी समान आहे. शाळेतल्या कोष्टकांत ती मुद्दाम एकाहून वेगळी, कधी असमानही, ठेवलेली असते, आणि मुलाची पहिली चूक तिथेच होते. समान पायरीच्या सारणीत फरक हाच दर म्हणून चालतो. पायरी बदलली की, किंवा तुलना वेगळ्या पायरीच्या फलनाशी असली की, फरकाला पायरीने भागावेच लागते. म्हणजे कोष्टकाच्या परंपरेला भागाकाराची जोड द्यावी लागते, आणि मुलाला ही जोड कुणीतरी उलगडून दाखवावी लागते.

आता आलेख. चौदाव्या शतकात, १३३० नंतरच्या काळात, ऑक्सफर्डच्या मर्टन कॉलेजमध्ये विल्यम हेट्सबरी, रिचर्ड स्वाइन्सहेड आणि त्यांचे सहकारी ‘कमी-जास्त होणाऱ्या गुणां’चा विचार करत होते: उष्णता, रंगाची गडदता, गती. समान रीतीने वेग वाढवणारी वस्तू जेवढे अंतर तोडते, तेवढेच अंतर त्या काळाच्या मध्यक्षणी असलेल्या वेगाने एकसारखी चालणारी वस्तूही तोडते, हा नियम त्यांनी शब्दांत मांडला. चित्र काढले ते पॅरिसमध्ये निकोल ओरेम याने, १३५० च्या आसपास. आडवी रेषा म्हणजे काळ, तिच्यावर उभ्या रेषा म्हणजे त्या त्या क्षणी गुणाची तीव्रता. एकसमान वेगाचा आयत झाला, समान रीतीने वाढणाऱ्या वेगाचा त्रिकोण किंवा समलंब चौकोन.

इथे क्षणभर थांबायला हवे, कारण मुलाच्या दुसऱ्या चुकीचे मूळ इथे दिसते. ओरेमच्या चित्रात उभी उंची म्हणजे वेग. उंच रेषा म्हणजे जास्त वेग. शाळेत येणारा पहिला आलेख मात्र बहुधा अंतर आणि वेळ यांचा असतो, आणि तिथे वेग उंचीत नसतो, चढात असतो. जी रेषा वर आहे तीच वेगवान, असे म्हणणारे मूल उंचीचा अर्थ ओरेमसारखा लावते आहे. फक्त आलेख दुसऱ्या जातीचा आहे. ‘चूक’ म्हणून खोडण्याऐवजी दोन्ही आलेख शेजारी ठेवून ‘इथे उंची काय सांगते, तिथे काय सांगते’ असे विचारले, तर मुलाला स्वतःच्या विचाराचा धागा न तोडता पुढे जाता येते.

सूत्राची कहाणी थोडक्यात आटोपते. १६३७ मध्ये देकार्तने वक्ररेषा आणि समीकरण यांची सांगड घातली. फर्माही त्याच सुमारास त्याच वाटेवर होता. ‘फंक्शन’ या शब्दाचे लॅटिन रूप लाइब्निट्सने १६७३ च्या हस्तलिखितात वापरले, योहान बेर्नुलीने १७१८ मध्ये त्याला व्याख्या दिली, आणि ऑयलरने १७४८ मध्ये फलन म्हणजे सूत्ररूप पदावली असे ठरवून सात वर्षांनी ती व्याख्या सैल केली: एक राशी बदलली की जी दुसरी बदलते, ती पहिलीचे फलन. पुढे शाळांनी दीर्घकाळ सूत्रालाच फलन मानले. ऑयलरची १७५५ ची व्याख्या वर्गाला जास्त उपयोगी पडली असती, कारण तिच्या केंद्रस्थानी बदल आहे.

हे सगळे लहान मुलांपर्यंत पोचावे असा आग्रह विसाव्या शतकाच्या आरंभी सुरू झाला. १९०१ मध्ये ग्लासगो येथे जॉन पेरी या अभियंत्याने ब्रिटिश असोसिएशनपुढे युक्लिडच्या घोकंपट्टीविरुद्ध आवाज उठवला आणि चौकटीच्या कागदावर आलेख काढण्याचा पुरस्कार केला. पुढच्याच वर्षी अमेरिकेत ई. एच. मूर यांनी गणितज्ञांच्या सभेत अध्यक्षपदावरून तोच सूर लावला. जर्मन गणितज्ञ फेलिक्स क्लाइन यांच्या पुढाकाराने १९०५ मध्ये मेरान येथे मांडलेल्या अभ्यासक्रमाने ‘फलनात्मक विचार’ हा शालेय गणिताचा गाभा ठरवला. एक गोष्ट बदलली तर दुसरीचे काय होते, हा प्रश्न अंकगणितापासून भूमितीपर्यंत सर्वत्र विचारावा, ही त्यामागची कल्पना. १९२३ च्या अमेरिकी अहवालानेही फलनाला माध्यमिक गणिताची एकसंध करणारी कल्पना म्हटले.

मग वाट वळली. १९३९ मध्ये बूर्बाकी या टोपणनावाने लिहिणाऱ्या फ्रेंच गणितज्ञांनी फलनाची संचांच्या भाषेतली काटेकोर मांडणी केली. १९५७ मध्ये स्पुटनिक हा सोव्हिएत उपग्रह अवकाशात गेल्यानंतर जे ‘नवे गणित’ शाळांत आले, त्याने तीच भाषा उचलली: फलन म्हणजे क्रमित जोड्यांचा संच. व्याख्या निर्दोष आहे. पण जोड्यांच्या संचात काहीच हलत नाही. बारा वर्षांच्या मुलाला बाणांच्या आकृत्या काढता आल्या, ‘किती झपाट्याने’ हा प्रश्न मात्र बाजूला पडला. क्लाइन यांनी जे कमावले होते, त्यातले बरेच या काळात हातचे गेले असे माझे मत आहे.

त्याच सुमारास मुलांच्या विचारांचा अभ्यास वेगळ्या दिशेने चालू होता. १९२८ मध्ये दावोस येथे आइन्स्टाइन यांनी बालमानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांना विचारले होते की काळ आणि वेग यांपैकी मुलाच्या मनात आधी काय येते. त्यातून पियाजे यांची १९४६ मधली दोन पुस्तके निघाली. त्यांतला एक प्रयोग असा: कमी-अधिक लांबीचे दोन बोगदे, दोन बाहुल्या एकाच वेळी आत जातात, एकाच वेळी बाहेर येतात. लहान मुले म्हणतात, दोघींचा वेग सारखा, कारण त्या बरोबर पोचल्या. बोगदे काढून तीच हालचाल उघड्यावर दाखवली की एक जोरात गेली हे त्यांना लगेच कळते. वेगाची पहिली कल्पना ‘कोण कोणाला मागे टाकते’ ही असते. अंतर आणि वेळ एकत्र धरणे नंतर येते.

१९७० नंतर संशोधकांनी आलेखांकडे मोर्चा वळवला. क्लोद जाँव्हिये यांनी नॉटिंगहॅम विद्यापीठातल्या १९७८ च्या प्रबंधात शर्यतीच्या गाडीच्या वेगाचा आलेख मुलांना दाखवून धावपट्टीला किती वळणे आहेत असे विचारले. अनेकांनी आलेखाच्या रेषेतली वळणेच मोजली. रेषा त्यांना रस्त्याचे चित्र वाटली. १९८० च्या दशकात जॉन क्लेमंट आणि इतरांनी उंची आणि चढ यांच्यातला गोंधळ नोंदवला. १९९० पासून पॅट्रिक थॉम्पसन, जेरे कॉन्फ्री आणि मर्लिन कार्लसन यांच्या कामातून ‘सहचलनाचा विचार’ ही कल्पना रुजली: क्ष आणि य या दोघांना एकाच वेळी, बरोबरीने बदलताना मनात धरणे. क्लाइन यांचाच आग्रह, पण या वेळी मुलांच्या उत्तरांचे पुरावे सोबत घेऊन.

संगणकाने यात एक खरी भर घातली. १९८० च्या दशकात हालचाल टिपणारे संवेदक वर्गात आले. मूल चालू लागले की पडद्यावर त्याच्याच चालण्याचा आलेख उमटू लागला. भिंतीकडे झपाझप गेले की रेषा तीव्र, थबकले की सपाट. १९९० च्या दशकात जेम्स कापुट यांनी सिमकॅल्क प्रकल्पात पडद्यावरची पात्रे आणि त्यांचे आलेख एकमेकांशी जोडले: रेषेचा चढ ओढून बदला, पात्राची चाल बदलते. कलनशास्त्राच्या (कॅल्क्युलसच्या) गाभ्यातली ही कल्पना थोड्या निवडक विद्यार्थ्यांपुरती राहू नये, सगळ्या मुलांची व्हावी, हा त्यांचा ध्यास होता. २००५ मध्ये ते गेले. त्यांच्या साधनांवर आधारलेले धडे टेक्सासमधल्या सातवी-आठवीच्या वर्गांत मोठ्या प्रमाणावर तपासले गेले आणि त्या मुलांची प्रगती तुलनेच्या वर्गांपेक्षा जास्त दिसली.

जून २०१० मध्ये अमेरिकेत कॉमन कोअर मानके, म्हणजे कोणत्या इयत्तेत मुलाला काय यावे याची यादी, प्रसिद्ध झाली आणि हा प्रश्न आजच्या रूपात ठरीव झाला. आठवीच्या ‘फलने’ विभागात असे अपेक्षित आहे की निरनिराळ्या रूपांत दिलेल्या दोन फलनांची मुलाने तुलना करावी; रूपे चार: सूत्र, आलेख, कोष्टक, शब्द. उदाहरण म्हणून एक रेषीय फलन कोष्टकात आणि दुसरे सूत्रात देऊन कोणाचा बदलाचा दर जास्त, हेच तिथे विचारले आहे. दोन्ही फलने एकाच रूपात दिली असती तर मुलाला एक ठरलेली रीत चालवून उत्तर काढता आले असते. रूपे वेगळी ठेवली की दर म्हणजे नेमके काय, हे जाणल्याशिवाय पुढे सरकता येत नाही. या मानकांवर वाद पुष्कळ झाले. हे कलम मात्र मला विचारपूर्वक लिहिलेले वाटते.

एक गाठ त्यातही सैल राहिली आहे. य = ३क्ष आणि य = २० − ५क्ष, यांत बदलाचा दर जास्त कोणाचा? संख्या म्हणून ३ हे उणे ५ पेक्षा मोठे, तेव्हा पहिल्याचा. झपाट्याने बदलते कोण? दुसरे. ‘जास्त दर’ आणि ‘जास्त झपाटा’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि वर्गात ते सर्रास एकाच शब्दात विचारले जातात. चिन्हासह तुलना करायची की चिन्ह सोडून, हे शिक्षकाने आधी उघड सांगितले तर चांगल्या मुलांवर चुकीची फुली पडणार नाही. बाबिलोनियाच्या त्या विटांवर चढतानाही तीच संख्या होती आणि उतरतानाही तीच. एकदा मिळवायची, एकदा वजा करायची, एवढाच फरक.