चीर नाही, म्हणून जंतुसंसर्गही नाही?

पित्तनलिकेतला खडा ईआरसीपीने, म्हणजे तोंडातून दुर्बीण घालून काढतात. 'चीर नाही, टाके नाहीत, मग जंतू शिरतील कुठून?' हा समज वर्षानुवर्षे चालत आलाय. तो चुकीचा आहे, आणि त्यापायी लोक ताप अंगावर काढतात.

पित्त एरवी जवळजवळ निर्जंतुक असतं. नलिका तुंबली की आतड्यातले ई. कोलाय, क्लेबसिएलासारखे जंतू त्यात वाढतात. एक्स-रेत नलिका दिसावी म्हणून डॉक्टर तिच्यात औषध सोडतात, तेव्हा आतला दाब आणखी वाढतो. दाब फार झाला की जंतू मिसळलेलं पित्त यकृतातल्या बारीक रक्तवाहिन्यांत घुसतं. जंतूंना रक्तात शिरायला वाट मिळाली ती अशी, कातडी न कापताच.

म्हणून खरा प्रश्न असतो तो पित्ताचा निचरा पूर्ण झाला का, हा. अडथळा राहिला तर धोका वाढतो, आणि अशा वेळी स्टेंट, म्हणजे बारीक नळी, घालून वाट मोकळी करतात. निचरा नीट होणार असेल तर प्रत्येकाला आधीच अँटिबायोटिक देण्याची गरज नसते. 'दुर्बीणच अस्वच्छ असणार' हा आरोपही सरसकट करू नये. दुर्बिणीतून संसर्ग पसरल्याच्या घटना घडल्या आहेत, पण बहुतेकदा जंतू रुग्णाच्याच आतड्यातले असतात.

हा संसर्ग थोड्याच रुग्णांना होतो. पण घरी आल्यावर हुडहुडी भरून ताप आला, कावीळ वाढली, पोट दुखू लागलं किंवा माणूस असंबद्ध बोलू लागला, तर पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट पाहू नका. त्याच रात्री रुग्णालय गाठा.