कोरड्या फरशीवर पाय कसा घसरतो?

मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांना टेकतो. अंगातलं पाणी घामावाटे निघून जातं, आणि रात्री लघवीला उठावं लागू नये म्हणून म्हातारी माणसं संध्याकाळनंतर पाण्याला हात लावत नाहीत. त्यात रक्तदाबाची गोळी, कुणाला लघवी वाढवणारी, कुणाला झोपेची. पहाटे आजोबा खाटेवरून तडक उठतात, चार पावलं टाकतात आणि कोसळतात. घरचे म्हणतात, पाय घसरला. फरशी मात्र कोरडी ठणठणीत असते.

आडवा माणूस उभा राहिला की अर्धा ते एक लिटर रक्त पोटाकडे आणि पायांकडे उतरतं. मानेतल्या रोहिणीतले दाब ओळखणारे चेतातंतू ही खबर लगेच मेंदूला देतात. हृदयाचे ठोके वाढतात, रक्तवाहिन्या आवळतात आणि दाब सावरतो. उतारवयात ही यंत्रणा मंदावते. जुन्या मधुमेहाने नसा अधू झाल्या असतील तर आणखीच. मेंदूला काही क्षण रक्त कमी पडतं, डोळ्यांपुढे अंधारी येते.

हे घरी तपासता येतं. पाच मिनिटं झोपवून रक्तदाब मोजा, मग उभं करून एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी पुन्हा मोजा. शेजारी धरायला कुणीतरी हवंच. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला, तर तिन्ही नोंदी डॉक्टरांना दाखवा. नुसतं बसवून घेतलेल्या मापात हे सापडत नाही. गोळ्या मात्र आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत. पाणी दिवसभरात भरून काढावं. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर किती, ते डॉक्टरांना विचारूनच. आणि उठताना आधी खाटेच्या कडेला मिनिटभर बसायचं, पाय हलवायचे, मगच उभं राहायचं.

तोल सांभाळायला डोळे, आतला कान आणि तळपायांची जाणीव, तिघं मिळून काम करतात. मधुमेहाने तळपाय बधिर झालेल्या माणसाचा सगळा भार डोळ्यांवर असतो, आणि अंधारात तेही कामाचे राहत नाहीत. म्हणून खाटेपासून मोरीपर्यंत रात्रभर एक बारीक दिवा हवा. उन्हाळ्यात आपल्याकडे घरोघरी कूलर लागतो. त्याची वायर वाटेत आडवी पडलेली असते, खाली पाणी झिरपून फरशी निसरडी होते. वायर भिंतीकडेने न्या, झिजलेल्या रबरी स्लीपर टाकून द्या, मोरीत भिंतीला पक्का दांडा बसवा. मोतीबिंदूचं ऑपरेशन ‘आता या वयात कशाला’ म्हणून टाळू नका.

एकदा माणूस पडला की घरचे मायेपोटी म्हणतात, ‘बसून राहा, आम्ही देतो हातात.’ हा सल्ला मला सगळ्यात घातक वाटतो. बसून राहिल्याने मांड्यांचे स्नायू झडतात, पुढचं पडणं जवळ येतं. न्यूझीलंडमधल्या ओटागो विद्यापीठात घरीच करायचे पायांच्या ताकदीचे आणि तोलाचे व्यायाम तयार झाले. चाचण्यांमध्ये त्यांनी पडण्याचं प्रमाण सुमारे एक तृतीयांशाने घटलं. खुर्चीतून उठणं-बसणं, ओट्याला धरून टाचा उचलणं, असेच साधे प्रकार. फिजिओथेरपिस्टकडून एकदा नीट शिकून घ्या आणि रोज कुणीतरी सोबत उभं राहा.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने जगात दरवर्षी ६ लाख ८४ हजार माणसं पडण्याने दगावतात. अपघाती मृत्यूंत रस्त्यावरच्या अपघातांनंतर याचाच क्रमांक लागतो.

इतकं करूनही कुणी पडलंच, तर काखेत हात घालून लगेच ओढून उभं करू नका. आधी बोलतं करा, कुठे दुखतं विचारा. एक पाय आखूड दिसत असेल, पाऊल बाहेर वळलं असेल, तर खुब्याचं हाड मोडलेलं असू शकतं. हलवू नका, १०८ ला फोन करा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल आणि डोक्याला मार लागला असेल, तर माणूस ठीक दिसला तरी त्याच वेळी दवाखान्यात न्या, कारण मेंदूतला रक्तस्राव कधी कधी काही तासांनी लक्षणं दाखवतो.