बंद झालेल्या आर्थिक कालश्रेणी

महागाई, उत्पन्न, चलनपुरवठा, व्याजदर यांचे ठरावीक कालांतराने नोंदवलेले आकडे म्हणजे आर्थिक कालश्रेणी. आधारवर्ष (ज्या वर्षाची पातळी १०० धरून तुलना होते ते वर्ष) बदलले, मोजण्याची रीत बदलली किंवा आकडे काढणाऱ्या संस्थेला तो खर्च परवडेनासा झाला, की श्रेणी बंद होते. नवे आकडे येणे थांबते. जुन्यांची गरज मात्र संपत नाही. वेतनाचे करार, ठेक्यांतील भाववाढीची कलमे आणि दीर्घकालीन संशोधन पुढे वर्षानुवर्षे त्यांच्यावरच उभे असते. ते शोधून काढणे आणि नव्या आकड्यांशी नीट जोडणे हे म्हणूनच स्वतंत्र कौशल्य मानावे लागते.

भारतात याचे सर्वांत बोलके उदाहरण औद्योगिक कामगारांच्या ग्राहक किंमत निर्देशांकाचे आहे. केंद्र सरकारचा श्रम ब्यूरो तो काढतो आणि महागाई भत्ता त्यावर ठरतो. २००१ = १०० ही श्रेणी ऑगस्ट २०२० मध्ये ३३८ वर थांबली. सप्टेंबर २०२० पासून २०१६ = १०० ही श्रेणी आली आणि तिचा पहिला आकडा होता ११८.१. डेटाबेसमधून दोन्ही फाइली उतरवून एकाखाली एक चिकटवल्या, तर एका महिन्यात किमती जवळपास दोन तृतीयांशाने कोसळल्यासारखे दिसेल. नवा आकडा जुन्या मापात आणण्यासाठी ब्यूरोने दिलेला जोडगुणक २.८८ आहे. त्याने गुणल्यावर ११८.१ चे ३४०.१ होतात, म्हणजे प्रत्यक्षात महिनाभरात सुमारे ०.६ टक्के वाढ झाली. आणखी मागे जाता येते: २००१ वरून १९८२ च्या श्रेणीकडे ४.६३, आणि १९८२ वरून १९६० कडे ४.९३.

सातव्या वेतन आयोगाच्या महागाई भत्त्याच्या सूत्रात २६१.४२ हा आकडा येतो. ती २०१५ च्या बारा महिन्यांची, २००१ च्या श्रेणीतली सरासरी आहे. त्यामुळे नवा निर्देशांक दर वेळी २.८८ ने गुणून जुन्या मापात आणावा लागतो. श्रेणी बंद झाली तरी केंद्र सरकारी कर्मचाऱ्याच्या पगारपत्रकात ती अशी चालूच राहिली.

गुणकाने पातळी जुळते, आशय जुळत नाही. २००१ च्या श्रेणीत अन्नाचा भार, म्हणजे निर्देशांकातला वाटा, ४६.२ टक्के होता, २०१६ च्या श्रेणीत तो ३९.१७ टक्क्यांवर आला. किमती गोळा करण्याची केंद्रे ७८ वरून ८८ झाली. म्हणून १९६० पासूनची अखंड रेषा आलेखात कितीही सलग दिसली, तरी ती वस्तू-सेवांच्या चार वेगवेगळ्या टोपल्यांची आहे, हे आलेखाखाली लिहिलेच पाहिजे. घाऊक किंमत निर्देशांकाचेही तसेच. २०११-१२ ची श्रेणी मे २०१७ मध्ये आली आणि २००४-०५ च्या श्रेणीशी तिचा जोडगुणक १.५६१ आहे.

राष्ट्रीय उत्पन्नाच्या बाबतीत गुंता अधिक आहे, कारण तिथे मागची वर्षेच नव्याने मोजली जातात. २०१०-११ ची वाढ २००४-०५ च्या श्रेणीत १०.३ टक्के होती. नोव्हेंबर २०१८ मध्ये मागची वर्षे नव्या पद्धतीने मोजून प्रसिद्ध झालेल्या ‘मागील श्रेणी’त ती ८.५ टक्के झाली. दोन्ही आकडे अधिकृत. कोणता वापरला हे न सांगणारा लेख तपासताच येत नाही.

असे आकडे मिळवण्यासाठी रिझर्व्ह बँकेचा ऑनलाइन डेटाबेस ही पहिली जागा. तिथे नाही मिळाले, तर भारतीय अर्थव्यवस्थेवरील बँकेच्या सांख्यिकी हस्तपुस्तिकेच्या जुन्या वार्षिक आवृत्त्या उघडाव्यात. ताज्या आवृत्तीतून गळालेला तक्ता तिथे सापडू शकतो. मुंबईच्या ईपीडब्ल्यू रिसर्च फाउंडेशनची ‘इंडिया टाइम सिरीज’ ही वर्गणीवर चालणारी सेवा जुन्या-नव्या श्रेणी एकत्र देते.

जुन्या श्रेणी कशा सांभाळाव्यात याचा धडा सेंट लुईसच्या फेडरल रिझर्व्ह बँकेच्या ‘फ्रेड’ या १९९१ पासूनच्या डेटाबेसने घालून दिला आहे. अमेरिकेत एम३ या चलनपुरवठ्याच्या मापाचे प्रकाशन २३ मार्च २००६ रोजी थांबले. एम२ या अधिक मर्यादित मापापेक्षा वेगळे काही त्यातून कळत नाही आणि गोळा करण्याचा खर्च सार्थ ठरत नाही, असे कारण दिले गेले. श्रेणी पुसली गेली नाही. शीर्षकातच ‘डिस्कंटिन्यूड’ असा शिक्का आहे आणि शेवटची तारीख समोर दिसते. ‘अल्फ्रेड’ या जोडीच्या डेटाबेसमध्ये तर एखादा आकडा अमुक दिवशी कसा प्रसिद्ध झाला होता, हेही पाहता येते. आपल्याकडे अशी सोय तातडीने व्हायला हवी. २०१०-११ च्या दोन आकड्यांसारखे वाद तिच्यामुळे निदान आकड्यांपुरते तरी सुटसुटीत होतील.

खासगी मालकीच्या श्रेणींना हे संरक्षण नसते. लिबॉर या, लंडनच्या बाजारात बँका एकमेकींना कर्ज देताना धरल्या जाणाऱ्या व्याजदराचे आकडे जानेवारी २०२२ अखेर फ्रेडवरून काढले गेले. डॉलरचा लिबॉर तेव्हा अजून चालू होता. त्याचे बँकांच्या पॅनेलवरून ठरणे ३० जून २०२३ नंतर थांबले. अशा श्रेणींसाठी संशोधक दुव्यावर विसंबत नाहीत. फाइल, श्रेणीचा संकेतांक आणि उतरवून घेतल्याची तारीख स्वतःजवळ ठेवतात.