अमेरिकेला मिक्सर नेताय? अडॅप्टर आणि ट्रान्सफॉर्मरमधला घोळ

ताईच्या बाळंतपणाला आई न्यू जर्सीला गेली तेव्हा तिच्या बॅगेत डिंक, अहळीव, सुंठ आणि घरातला ७५० वॉटचा मिक्सर होता. सोबत कोपऱ्यावरच्या इलेक्ट्रिकच्या दुकानातून घेतलेला 'युनिव्हर्सल अडॅप्टर'. दुकानदार म्हणाला होता, "काकू, जगात कुठंही चालतो." तिसऱ्या दिवशी फोन आला. "अरे, मिक्सर फिरतोय, पण अगदी रडतखडत. सुकं खोबरं आहे तसंच. आवाजसुद्धा घोगरा येतोय." बाबांचं निदान तयारच होतं : "तिकडे व्होल्टेज कमी येत असेल." गंमत म्हणजे बाबा बरोबर होते. तिकडे व्होल्टेज कमीच असतं, बारा महिने.

दुकानदारही खोटं बोलला नव्हता. अडॅप्टर जगात कुठंही चालतो. त्याला लावलेली वस्तू चालेल, असं तो कुठं म्हणाला होता?

घोळाचं मूळ शब्दात आहे. आपण दोन अगदी वेगळ्या वस्तूंना 'अडॅप्टर' म्हणतो. एक प्रवासातला, पिना बदलणारा. दुसरा लॅपटॉपच्या वायरीतला काळा ठोकळा, जो भिंतीतले २३० व्होल्ट घेऊन १९-२० व्होल्टचा डीसी करून देतो. दुसरा खरोखर व्होल्टेज बदलतो, म्हणून पहिलाही बदलत असेल असं आपण धरून चालतो. प्रवासातला अडॅप्टर उघडून पाहा : प्लॅस्टिकच्या डबीत पितळेच्या चार पट्ट्या. एका बाजूने आपल्या गोल पिना आत, दुसऱ्या बाजूने चपट्या पिना बाहेर. जे व्होल्टेज भिंतीत, तेच वस्तूत. यूएसबीचं भोक असलंच, तर तेवढ्यापुरता आत एक छोटा चार्जर असतो. बाकीच्या पिनांशी त्याचा संबंध नाही.

व्होल्टेज बदलायचं काम ट्रान्सफॉर्मरचं. लोखंडी पत्र्यांच्या गाभ्यावर तांब्याच्या तारेचे वेढे. वेढ्यांच्या प्रमाणात व्होल्टेज चढतं किंवा उतरतं. बाजारात त्याला 'व्होल्टेज कन्व्हर्टर' किंवा 'स्टेप-अप, स्टेप-डाऊन' म्हणतात. दोघांतला फरक हाताला लगेच कळतो. अडॅप्टर खिशात मावतो. मिक्सर चालवण्याइतका ट्रान्सफॉर्मर मिक्सरपेक्षा जड भरतो आणि चालू असताना घुं घुं करतो.

मग कुठं काय लागतं? भारतात २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ; हर्ट्झ म्हणजे फ्रिक्वेन्सी, वीज सेकंदाला किती वेळा हेलकावते तो आकडा. लंडन, दुबई, सिंगापूर, सिडनी, जर्मनी इथंही जवळजवळ तेच; बदलतो तो फक्त भिंतीवरचा सॉकेट. म्हणजे तीच आई तोच मिक्सर घेऊन लंडनला गेली असती तर दोन-तीनशे रुपयांचा धड अडॅप्टर पुरला असता. अमेरिका-कॅनडात १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ. जपानचं प्रकरण आणखी निराळं : १०० व्होल्ट, आणि एकाच देशात दोन फ्रिक्वेन्सी. टोकियोने १८९५ मध्ये जर्मन जनित्रं आणली ती ५० हर्ट्झची, ओसाकाने पुढच्याच वर्षी अमेरिकन आणली ती ६० ची. ते जुळवून घेणं अजून राहूनच गेलंय. पुण्यातून प्रोजेक्टसाठी जपानला जाणाऱ्यांनी कुकर-मिक्सरचा नाद सोडलेलाच बरा.

आता वस्तूकडे वळू. खरं उत्तर तिच्या तळाशी चिकटवलेल्या पट्टीवर असतं, दुकानदाराकडे नसतं. अक्षरं बारीक आणि करड्यावर करडी. मोबाइलने फोटो काढून मोठा करून वाचा. 'इनपुट' या शब्दापुढे १००-२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ असं दिसलं की निवांत. मोबाइल आणि लॅपटॉपचे बहुतेक चार्जर, कॅमेऱ्याचे चार्जर यांत येतात. आतलं सर्किट मिळेल ते व्होल्टेज सांभाळून घेतं. यांना नुसता अडॅप्टर पुरतो.

त्या आकड्यांमधल्या चिन्हाकडेही लक्ष द्या. १००-२४० मध्ये आडवी रेघ असेल तर वस्तू आपलं आपण जुळवून घेते. ११०/२२० असं तिरप्या रेघेने लिहिलं असेल तर बहुधा कुठंतरी एक छोटी सरकपट्टी असते, नाण्याने किंवा स्क्रू-ड्रायव्हरने सरकवायची. प्रवासी हेअर ड्रायरवर असते. जुन्या कॉम्प्युटरच्या मागे लाल रंगाची असायची. ती ११५ वर ठेवून आपल्याकडे बटण दाबलं की 'फट्' असा आवाज आणि जळका वास. हा वास मला माहीत आहे. कसा, ते विचारू नका.

पट्टीवर एकच आकडा असेल, नुसतं २३० किंवा नुसतं १२०, तर खरा प्रश्न सुरू होतो. आणि तो दोन्ही दिशांना सारखा धोक्याचा नाही. इस्त्री, केटल, हीटर यांची ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. आपली १००० वॉटची इस्त्री अमेरिकेत नुसत्या अडॅप्टरवर लावली तर जेमतेम २७० वॉट ओढते. कपड्याची सुरकुती जात नाही, पण घरही पेटत नाही. उलट तिकडची १२० व्होल्टची वस्तू इथं लावली तर साडेतीन पटींहून जास्त उष्णता. नातलगांनी प्रेमाने आणलेला हेअर ड्रायर डोंबिवलीच्या बाथरूममध्ये पहिल्याच बटणाला लालभडक होऊन विझतो, तो यामुळे. नशीब चांगलं असेल तर एवढ्यावर भागतं. म्हणून अमेरिकेतून वस्तू आणणाऱ्यांना माझं सांगणं जरा कडक असतं : भिंतीत लावायच्या आधी पट्टीचा फोटो पाठवा.

मिक्सरची मोटर कमी व्होल्टेजवर जळत नाही लगेच, पण सावकाश फिरते. तिला थंड ठेवणारा पंखा त्याच दांड्यावर असतो, म्हणजे तोही सावकाश. ओली चटणी किंवा पुरण घातलं की पातं अडतं, करंट वाढतो, वारा नाही, मोटर तापते. आईला म्हटलं, "बंद कर, आता हात लावू नकोस त्याला." दुसऱ्या दिवशी जावईबापू ट्रान्सफॉर्मर आणायला निघाले.

तिथंही एक गोम आहे. मिक्सर ७५० चा म्हणून ७५० चा ट्रान्सफॉर्मर घ्यायचा नाही. सुरू होताना आणि पातं अडल्यावर मोटर काही क्षण बरंच जास्त ओढते, शिवाय खोक्यावरचा आकडा पुष्कळदा क्षणभराच्या कमाल ताकदीचा असतो. मोटरच्या वस्तूला दुप्पट, म्हणजे इथं १५०० वॉटचा, हा हिशोब बरा. आपली २००० वॉटची केटल ट्रान्सफॉर्मरवर चालवायची म्हटलं तर मात्र १२० व्होल्टच्या बाजूला सोळा-सतरा अँपिअर लागतात आणि तिथल्या १५ अँपिअरच्या लाइनचा ब्रेकर पडतो. केटल, इस्त्री, टोस्टर तिकडेच विकत घ्यावेत. हातात मावणारे, '१६०० वॉट' असं छातीठोक लिहिलेले हलके कन्व्हर्टरही मिळतात. ते विजेची लाट नुसती कापतात. साध्या हीटरला चालेल, इलेक्ट्रॉनिक वस्तूला आणि मिक्सरला नाही.

जावईबापूंच्या एका मित्राने वेगळीच शक्कल सुचवली. अमेरिकेतल्या घरात कपडे वाळवायच्या मशीनसाठी २४० व्होल्टचा सॉकेट असतो, तिथून वायर ओढून मिक्सर लावायचा. आकडा जुळतो, खरंय. पण तिथं त्या दोन्ही तारा जिवंत असतात, प्रत्येकी १२० व्होल्टच्या. आपल्या मिक्सरचं बटण साधारणपणे एकच तार तोडतं. बटण बंद, तरी आत वीज हजर. शिवाय ती लाइन तीस अँपिअरची, मिक्सरच्या बारीक वायरीला राखणारं कुणी नाही. नको.

ट्रान्सफॉर्मर एक गोष्ट बदलत नाही : फ्रिक्वेन्सी. मिक्सरच्या कार्बन ब्रशवाल्या मोटरला ५० काय आणि ६० काय, फरक पडत नाही. पण विजेचे हेलकावे मोजून चालणारं अमेरिकन टेबलघड्याळ इथं ट्रान्सफॉर्मर लावूनही तासाला दहा मिनिटं मागे पडतं. तिकडचा जुन्या धाटणीचा मायक्रोवेव्ह ५० हर्ट्झवर आतून जास्त तापतो, म्हणून तो उचलून आणण्यात अर्थ नाही.

अर्थिंगचं राहिलंच. आपल्या प्लगची ती वरची जाड पिन अर्थिंगची. स्वस्त अडॅप्टरमध्ये तिला भोक असतं, पण भोकामागे काहीच नसतं. चार्जरला चालून जातं. धातूच्या अंगाच्या इस्त्रीला नाही. हीच चूक आपण परदेशी न जाताही करतो. १६ अँपिअरचा जाड प्लग ६ च्या सॉकेटमध्ये बसवणारी डबी मिळते ना, ती. पिना बसतात, पण ६ अँपिअर म्हणजे फार तर १३८० वॉट, आणि हीटर २००० चा. हिवाळ्यात सॉकेट पिवळा पडलेला दिसला की समजावं.

ताईकडे ट्रान्सफॉर्मर आला, लाडू झाले. ओट्याखाली त्याला जागा होईना म्हणून वर्षभराने तिने ११० व्होल्टचा मिक्सरच घेतला. परदेशी जाणाऱ्यांसाठी असे मिक्सर आपल्याकडच्या कंपन्याही बनवतात. पुढच्या खेपेला आईच्या बॅगेत त्याच मिक्सरच्या भांड्याची जादा रबरी रिंग आणि दोन कपलर होते, कारण ते मात्र तिकडे हुडकत बसावं लागतं.