पिकगार्ड बनवताय? आधी शीट ॲक्रिलिकची आहे की पीव्हीसीची ते बघा

इलेक्ट्रिक गिटारला आपल्या मनासारखा पिकगार्ड (गिटारच्या बॉडीवर तारांखाली बसवलेली प्लास्टिकची पाटी) हवा म्हणून नाशकात कुठल्याही नेमप्लेटवाल्याकडे किंवा रेडियमवाल्याकडे गेलात की तो मागून एक पांढरी चकचकीत शीट काढतो, काउंटरवर ठेवतो आणि म्हणतो ॲक्रिलिक आहे, लेझरवर कापून देतो. बऱ्याचदा ती असतेच ॲक्रिलिक. पण कधी कधी पीव्हीसी असते, आणि दोन्ही शेजारी ठेवल्या तरी नवख्याला फरक कळत नाही, तोच पांढरा रंग, तीच चमक, जाडी तेवढीच, वर तसाच पातळ संरक्षक कागद चिकटवलेला. म्हणूनच हे सविस्तर लिहितोय, कारण पुढे मशीन कुठलं लागणार, भोकं कशी पाडायची आणि गार्ड किती वर्षं टिकणार हे सगळं या एका गोष्टीवर ठरतं.

मला हे कळलं ते नाशकातल्या अंबडला. शीट मी दुसरीकडून "ॲक्रिलिक" म्हणून घेतलेली, कापायच्या आकाराची फाइल कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये तयार होती, लेझरवाल्याने शीट बेडवर टाकली आणि कट सुरू केला. दोन इंच पण कापून झालं नसेल, कडेला चॉकलेटी-काळी रेघ उमटली आणि नाकात जाळ झाला, अगदी बाथरूम धुवायच्या ॲसिडचा असतो तसा वास. त्याने लगेच मशीन बंद केलं, दार उघडलं, मला बाहेर काढलं आणि म्हणाला, "भाऊ, ही पीव्हीसी आहे, ही माझं मशीन खाऊन टाकेल." आधी वाटलं जरा जास्तच करतोय, पण तो शंभर टक्के बरोबर होता. पीव्हीसीत वजनाच्या जवळपास ५७ टक्के क्लोरीन असतो. लेझरच्या उष्णतेने तो हायड्रोजन क्लोराइड वायू होऊन बाहेर पडतो, हवेतल्या ओलाव्यात मिसळला की त्याचं हायड्रोक्लोरिक ॲसिड होतं, ते मशीनच्या रेल आणि लेन्सवर बसतं, आणि समोर उभ्या असलेल्या माणसाच्या फुफ्फुसात जातं ते वेगळंच. म्हणून कोणी म्हणालं की "बघू, हळू स्पीडला कापून देतो" तर कृपया नको म्हणा, त्याच्यासाठी पण आणि तुमच्यासाठी पण.

ॲक्रिलिकला मात्र लेझर म्हणजे घरचं काम. कड काचेसारखी गुळगुळीत येते, पॉलिश करायची गरज पडत नाही, पिकअपचे (तारांचा आवाज पकडणाऱ्या भागांचे) चौकोन आणि स्विचची फट एकाच फेरीत निघतात. त्यातही कास्ट (साच्यात ओतून बनवलेलं) ॲक्रिलिक मागा, एक्स्ट्रूडेड (यंत्रातून दाबून काढलेलं) जरा वितळून चिकट होतं.

मग सगळे पीव्हीसी का वापरतात? कारण गिटारचा पिकगार्ड ही दहा-अकरा स्क्रूंनी लाकडावर आवळलेली पातळ पाटी आहे आणि ॲक्रिलिक ठिसूळ आहे. पीव्हीसी वाकते, दबते, स्क्रू जरा जास्त पिळला गेला तरी सहन करते. ॲक्रिलिक सहन करत नाही. माझ्या मित्राच्या गिटारवर काळा ॲक्रिलिक गार्ड बसवला होता, झकास दिसत होता, आठवड्याने त्याने बोटांचे डाग काढायला स्पिरिट लावून पुसला. दुसऱ्या दिवशी व्हॉल्यूमच्या भोकापासून कडेपर्यंत केसासारखी तडा गेलेली, आणि नीट उजेडात धरलं तर प्रत्येक स्क्रूभोवती बारीक बारीक जाळी. लेझरने कापताना कडेला आत ताण राहतो, स्पिरिट किंवा थिनर लागलं की तो ताण तडा बनून बाहेर येतो. साबणाचं पाणी आणि मऊ कापड, ॲक्रिलिकला एवढंच.

भोकांचं पण तसंच. ॲक्रिलिकमध्ये साधा ड्रिल बिट घातला की बाहेर पडताना तो शीटला खेचतो आणि तुकडा उडतो, म्हणून खाली लाकूड धरायचं, स्पीड कमी, बिटची धार थोडी बोथट केलेली बरी. सगळ्यात चांगलं म्हणजे भोकं पण लेझरनेच पाडायची आणि काउंटरसिंक, म्हणजे स्क्रूचं डोकं बसायला भोकाच्या तोंडाशी उतार, हाताने हळूहळू करायचं. स्क्रूपेक्षा भोक जरा मोठं ठेवा. प्लास्टिक उन्हाळ्यात फुगतं: तीस सेंटिमीटरचा ॲक्रिलिक गार्ड डिसेंबरच्या पहाटेच्या १० अंशांपासून मेच्या ४० अंशांपर्यंत अर्धा ते पाऊण मिलिमीटर वाढतो, लाकूड त्या मानाने हलत नाही. भोकात जागा नसेल तर तो वाढलेला भाग स्क्रूवर दाब देतो आणि तडा तिथूनच सुरू होते. पीव्हीसी पण जवळपास तेवढीच फुगते, फक्त ती फुटत नाही, फार तर थोडी उचलली जाते. आणि उचलली गेली तरी गरम पाण्यात बुडवून दोन सपाट फळ्यांमध्ये दाबून ठेवली की सरळ होते, कारण ८० अंशांच्या आसपास ती मऊ पडायला लागते. हा उपाय ॲक्रिलिकवर चालत नाही.

आता ओळखायचं कसं. कोपऱ्याचा तुकडा मागून घ्या. नखाने किंवा चमच्याने टिचकी मारली तर ॲक्रिलिक कडक, काचेच्या जवळ जाणारा आवाज देतं, पीव्हीसी बद्द वाजते. पातळ पट्टी वाकवली तर पीव्हीसीला वळ पडून पांढरट होते, ॲक्रिलिक कट्कन तुटतं (डोळ्यांना चष्मा असू द्या). पण रंगीत शीटमध्ये एवढ्याने खात्री होत नाही, त्यासाठी तांब्याच्या तारेची पद्धत आहे. वायरमधली जाड तार सोलून घ्या, पक्कडीत धरून गॅसच्या ज्योतीत लाल करा, ज्योतीला रंग येणं बंद झालं की ती गरम तार शीटला टेकवा म्हणजे चिमूटभर प्लास्टिक चिकटेल, आणि परत ज्योतीत धरा. ज्योत हिरवीगार झाली तर क्लोरीन आहे, म्हणजे पीव्हीसी. साधीच पिवळी-निळी राहिली तर पीव्हीसी नाही. हे गच्चीत किंवा अंगणात करा, घरात नको, आणि तुकडा तांदळाच्या दाण्याएवढाच.

सनबोर्ड दिला तर घेऊच नका. तो पण पीव्हीसीच, पण फुगवलेला, नखाने दबतो, स्क्रू आरपार जाईल.

जुन्या गिटारच्या लोकांना हा मटेरियलचा घोळ नवा नाही. फेंडर स्ट्रॅटोकास्टर १९५४ ला आली तेव्हा गार्ड एकथरी, आठ स्क्रूंचा होता. १९५९ मध्ये तो तीनथरी आणि अकरा स्क्रूंचा झाला, पण तो सेल्युलॉइडचा, जो वर्षानुवर्षं आकसत जातो, हिरवट पडतो आणि स्क्रूच्या भोकांपाशी फाटतो. १९६५ च्या आसपास पीव्हीसी आली, आणि पांढरा-काळा-पांढरा असा साधारण २.३ मिलिमीटरचा तीनथरी गार्ड आजही तोच. त्याच्या तिरप्या कडेला जी काळी रेघ दिसते ती राउटरच्या (फिरत्या बिटने कड कोरणाऱ्या यंत्राच्या) तिरक्या बिटने काढावी लागते, लेझर सरळ खाली कापतो, त्याला तिरपं जमत नाही. म्हणजे तीनथरी हवा असेल तर सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणारा) राउटर किंवा हाताचा राउटर आणि एमडीएफचा साचा. नाशकात मला तीनथरी कोरी शीट दुकानात मिळाली नाही, ऑनलाइन मागवावी लागली.

पण ॲक्रिलिक म्हणजे कच्चं काम असंही समजू नका. पिंक फ्लॉइड बँडचा गिटारिस्ट डेव्हिड गिल्मूर याच्या काळ्या स्ट्रॅटोकास्टरवर १९७४ पासून काळा ॲक्रिलिक गार्ड आहे, आणि फेंडरने त्या गिटारचं सिग्नेचर मॉडेल काढलं त्यातही गार्ड ०.१२० इंची ॲक्रिलिकचाच, म्हणजे आपल्याकडे सहज मिळणारी ३ मिलिमीटरची शीट. ती मूळ गिटार २०१९ च्या लिलावात ३९ लाख ७५ हजार डॉलरना गेली. नीट बनवलेला, नीट वापरलेला ॲक्रिलिक गार्ड टिकतो.

मापाचं थोडक्यात: जुना गार्ड हाच साचा. तो ए४ स्कॅनरवर पूर्ण बसत नाही, दोन भागांत स्कॅन करून जोडावा लागतो, सोबत पट्टी ठेवून स्कॅन करा म्हणजे स्केल चुकत नाही. आधी पुठ्ठ्यावर कापून गिटारवर ठेवून बघा. पॉटची (व्हॉल्यूम-टोनच्या बटणांखालच्या फिरत्या भागांची) भोकं तुमच्याच पॉटवर मोजा, मोठ्या अमेरिकन पॉटला ९.५ ते १० मिलिमीटर लागतं, छोट्या पॉटला ७-८ पुरतं.

रोज बॅगेतून फिरणाऱ्या, गणपतीत आणि लग्नात वाजणाऱ्या गिटारला मी पीव्हीसीच सांगेन, खर्च आणि खटपट जास्त असली तरी. पारदर्शक हवा असेल, रंग हवा असेल, खाली काही दाखवायचं असेल तर ॲक्रिलिक.

माझ्या भाचीला दाखवायचंच होतं. तिच्याकडे येवल्याच्या पैठणीच्या काठाचा उरलेला तुकडा होता, तो तिला गिटारवर हवा होता. पारदर्शक ३ मिलिमीटर कास्ट ॲक्रिलिक, लेझरने कापलेलं, कापड मागून फक्त कडेकडेने दुहेरी टेपने चिकटवलं, फेविक्विक अजिबात नाही कारण त्याच्या वाफेने ॲक्रिलिक आतून धुरकट होतं. गार्डच्या मागे फॉइल लावलं नाही, शिल्डिंगसाठी (बाहेरची खरखर आवाजात येऊ नये म्हणून) तांब्याची टेप बॉडीच्या खड्ड्यात लावली. स्क्रू तिने स्वतः बसवले, स्क्रूड्रायव्हर दोन बोटांत धरून, आणि मी प्रत्येक वेळी म्हणत होतो, टेकला की थांब. काठावरचा मोर बॉडीच्या वरच्या शिंगासारख्या टोकात बसलाय, नेक पिकअपच्या अगदी शेजारी.